बाल्दानची अडेल हायब्रिड

त्या हिवाळ्यात उलानबातरमध्ये अशी थंडी पडली होती की धूर धुराड्यातून वर निघायचा आणि तिथंच काठीसारखा ताठ उभा राहायचा. कावळे त्यावर बसून ऊन खायचे. पटत नसेल त्यानं कावळ्यांना विचारावं. आणि असल्या थंडीतही गावात एक माणूस सदा उकळत असायचा, तो म्हणजे बाल्दान.

कारण त्याची गाडी. जपानात दहा वर्षं पळून मग इकडे आलेली हायब्रिड. "सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप गप्प होतं, पेट्रोल निम्मं लागतं," असं सांगून विकणाऱ्यानं ती त्याच्या गळ्यात मारली होती. पण थंडी सुरू झाल्यापासून ते इंजिन गप्प म्हणून बसलं नव्हतं. गाडी धावली तरी ते ओरडायचं, थांबली तरी ओरडायचं. आणि सकाळी, जेव्हा खरंच ओरडायला हवं तेव्हा, बटण दाबलं की नुसतं टिक टिक टिक.

"घड्याळ विकत घेतलंय मी, घड्याळ!" बाल्दान पायऱ्यांवर उभा राहून सगळ्या बिल्डिंगला ऐकवायचा.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? रोज संध्याकाळी बॉनेटवर जाड नमद्याच्या दोन रजया, वर मेंढीचं कातडं. लोक पोराला पांघरूण घालणार नाहीत असं तो गाडीला घालायचा. तरी टाकी चार दिवसांत कोरडी. शेवटी त्याचा संशय शेजारच्या पुरेववर गेला. एक दिवस जिन्यात त्यानं पुरेवला अडवलं आणि सरळ त्याच्या मिशांचा वास घेतला.

"काय रे, हे काय?"

"पेट्रोल नळीनं ओढलं की मिशीला वास राहतो."

"वास घ्यायचाय तर सकाळी ये, लसूण खाल्लेला असतो," पुरेव म्हणाला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

मेकॅनिक ओचिरकडे गाडी ओढत नेली, तर तिथं वेगळाच तमाशा. ओचिरचं गॅरेज गरम. गाडी तिथं न्यायची म्हणजे आधी बाल्दानची बायको दुलमा डिकी रिकामी करायची. कारण घराची बाल्कनी सबंध मेंढीच्या मटणानं भरलेली, त्यामुळे नव्या वर्षाच्या सणासाठी वळलेले बूझ तिनं गोठवायला गाडीच्या डिकीत मांडले होते. मोदकासारख्या चुण्या घातलेले, मटण भरलेले हजारभर बूझ, थाळ्यांवर थाळ्या. डिकी रिकामी व्हायची, दार धाडकन लागायचं, गाडी ओचिरकडे जायची आणि तिथं रात्र काढून सकाळी पहिल्या बटणाला मांजरासारखी गुरगुरत सुरू व्हायची.

"बाल्दानदादा, हिला काही झालेलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही. हे बघा, मोठी बॅटरी म्हणजे घोडा. मागं ही छोटी बॅटरी आहे ना, ती खोगीर चढवणारा गडी. गडी गारठून झोपला तर घोडा कितीही तगडा असो, जागचा हलत नाही. गडी मी नवा बसवून दिलाय. आता तक्रार नको."

दोन दिवसांत नवा गडीही झोपला. बाल्दाननं ओचिरला फोनवर अशा शिव्या दिल्या की म्हणे टेलिफोनच्या तारांवरचं बर्फ वितळलं.

हे सगळं एक वेळ सोसवलं असतं. पण शहराबाहेर नलाइखला त्याचा थोरला भाऊ होता. गोंचिग, आयुष्यभर कोळशाच्या खाणीत राबलेला, रशियन जीपशिवाय दुसरं वाहन न मानणारा.

"बाप पेट्रोल, आई बॅटरी," गोंचिग म्हणाला होता, "याला आपल्याकडे खेचर म्हणतात. गेल्या पांढऱ्या महिन्याला कुणाकुणाच्या गाडीत कोंबून दुपारी उगवलास. माझा चहा गार, पाहुणे गेलेले. या वर्षी स्वतःच्या गाडीतून सकाळी आलास तर ये. नाहीतर मी हात पुढे करणार नाही. सांगून ठेवतो."

पांढरा महिना म्हणजे नवं वर्ष. त्याच्या पहिल्या सकाळी धाकट्यानं थोरल्याच्या कोपराखाली आपले हात धरायचे, ही तिथली रीत. थोरल्यानं हात पुढे केले नाहीत तर तो भाऊ वर्षभर परका. आणि गोंचिग सत्तरीच्या पुढचा, छातीत कोळसा साठलेला. वर्ष म्हणजे त्याच्या हिशेबात फार मोठी गोष्ट होती. हे बाल्दानला कळत होतं, म्हणून तर तो एवढा भडकत होता.

सणाची पहाट उजाडायच्या आधी बाल्दान आणि दुलमा रेशमी अंगरखे घालून खाली उतरले. दुलमानं चाकांवर दूध शिंपडलं, ते टायरला लागायच्या आधी गोठून खडखडत खाली पडलं. बाल्दाननं रजया उचलल्या, आत बसला, बटण दाबलं.

टिक टिक टिक.

"अगं ए सटवे!" तो बाहेर येऊन चाकाला लाथ मारू लागला. "वर्षभर तुला पाजलं! माझ्या अंगावर नाही एवढं पांघरूण तुझ्या अंगावर!"

"अहो, सणाचं तोंड घाण करू नका. आधी आपल्या शुभ दिशेनं पावलं टाकून या. लामांनी तुमच्या जन्मवर्षाला वायव्य सांगितलीय."

"वायव्य गेली खड्ड्यात!"

"जाता की नाही?"

तो धुसफुसत निघाला. वायव्येकडे जायचं म्हणजे गाडीला वळसा घालून मागं. त्या बाजूला तो सगळा हिवाळा फिरकलाच नव्हता. पुढचा भाग त्याचा, डिकी दुलमाची, अशी वाटणी होती. अंधारात चार पावलं टाकली आणि तो थबकला. डिकीचं दार बोटभर उघडं, दोरीनं बांधलेलं. आणि त्या फटीतून मरायला टेकलेला पिवळा उजेड बर्फावर पडलेला. डिकीतला दिवा.

"दुलमा! हे दार उघडं का?"

"गार वारा नको का आत जायला? तुम्ही हीटर लावता, बूझ विरघळतात."

"म्हणजे मी गाडी चालवतो तेव्हाही?"

"तेव्हा तर हवंच!"

बाल्दाननं डोक्यावरची टोपी काढून बर्फात आपटली. रात्रभर दिवा जळतोय, छोट्या बॅटरीचं रक्त पितोय. दिवसभर हीटर गाडी तापवतोय आणि ती ऊब फटीतून थेट सैबेरियाला चाललीय. मग इंजिन गप्प बसणार कसं, ऊब करायची म्हणून बिचारं अखंड राबतंय! समोर काचेखाली दार उघडं असल्याची एक लाल खूण सदोदित पेटलेली असायची. जपानी अक्षरं होती, म्हणून तो ती शुभेच्छा समजत होता.

"हिवाळाभर मी सगळं उलानबातर गरम करतोय! माझ्या पैशानं!"

"मला ओरडू नका. डिकीत दिवा असतो हे मला कुणी सांगितलं होतं?"

आता वीज हवी होती, आणि बिल्डिंगमध्ये गाडीला गाडी जोडायची केबल एकट्या पुरेवकडे. बाल्दाननं टोपी झटकली आणि दार ठोठावलं.

पुरेव सणाच्या अंगरख्यात उभा. सगळं ऐकून त्यानं दाढी खाजवली. "चोराच्या गाडीतली वीज चालेल ना तुला? नाही, नंतर वास घेशील."

"पुरेव, चुकलं माझं. पण आत्ता मी रागावलेलो आहे, माफी नंतर नीट मागतो."

"माफी तर मागून झालीच की," पुरेव हसला आणि केबल घेऊन खाली आला.

गाडी सुरू झाली. पण पेट्रोलचा काटा तळाला, आणि सणाच्या सकाळी पंप बंद. बाल्दाननं डिकी घट्ट लावली.

"अहो, बूझ!"

"बूझ की दादा?"

दुलमा पुढचा सगळा रस्ता मान मागं वळवून बसली. शहराबाहेर गाडीत ऊब भरली आणि उतारावर इंजिन अचानक गप्प झालं. बाल्दाननं घाबरून काटा पाहिला. गाडी चालतच होती, नुसत्या बॅटरीवर, बर्फावरून सरपटणाऱ्या सापासारखी.

"ऐक, ऐक!" तो ओरडला.

"मला बूझ ऐकू येतायत. थेंब थेंब पडतायत."

नलाइखला सूर्य नुकता डोंगराच्या वर आलेला. थोरल्यानं या वेळी आत पाटावर बसून वाट पाहायची असते. गोंचिग फाटकाशी उभा होता, भुवयांवर बर्फ, आणि पायाशी कुत्रंबित्रं काही नव्हतं.

"कुत्रा सुटला होता, म्हणून आलो बाहेर," तो खोकत म्हणाला.

मागं दुलमानं डिकी उघडली आणि किंचाळली. हजार बूझांचा मिळून एकच बूझ झाला होता, रांजणाएवढा.

बाल्दाननं तिकडं पाहिलं नाही. गोंचिगनं दोन्ही हात पुढे केले. बाल्दाननं आपले हात त्याच्या कोपरांखाली दिले. म्हाताऱ्याचं वजन त्याच्या हातांवर आलं, वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार हलकं.

"हिवाळा कसा गेला, धाकट्या?"

दिवा, डिकी, ओचिर, पुरेवची मिशी, सैबेरिया, सगळं एकदम बाल्दानच्या घशाशी आलं. त्याचे कान लाल झाले. मग त्यानं ते सगळं गिळलं.

"सुखात गेला, दादा," तो म्हणाला.