तिवसाची पट्टी

रुखमाबाईने कार्बोरेटर उलटा करून मांडीवर घेतला आणि त्याच्या तळातली गोल पत्ती अंगठ्याने दाबली. पत्ती उघडली, मिटली. पण ज्या दांडीवर ती फिरत होती ती दांडी आपल्या भोकात खुळखुळत होती. रुखमाबाईने ती बोटाने डावी-उजवीकडे हलवून पाहिली आणि कार्बोरेटर समोर धरला.

"भोक लांबट झालं," देवराव मिस्त्री म्हणाला. "तिथून हवा ओढून राह्यली गाडी. म्हून चढावर दम सोडते."

"मंग?"

"मंग काय? खालचा भागच बदलाव लागते. नागपूरवरून बोलवू. महिना तरी धरा."

"मंगळवार कधी हाय, देवरावभाऊ?"

आज शनिवार होता, हे दोघांनाही माहीत होतं.

देवरावने घुग्घुसकडे खाणीच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं हात काळे केले होते. आता पहाडाच्या पायथ्याशी, जिवतीच्या रस्त्याला लागून त्याचं टिनाचं गॅरेज होतं. रुखमाबाईचा नवरा हरिदास जीप चालवायचा तेव्हापासून ही गाडी त्याच्या हातची. दोन वर्षांपूर्वी हरिदास काविळीने गेला. वर्षभर ठेवलेल्या ड्रायव्हरने गाडी चालवली; तेराव्या महिन्यात रुखमाबाईने चंद्रपूरला जाऊन लायसन काढलं आणि स्टिअरिंगवर बसली. पहिल्या दिवशी अख्खं स्टँड सर्कस पाहायला यावं तसं जमलं होतं. तिने गाडी मागे घेतली, वळवली, लाइनीत लावली आणि खाली उतरून पान खाल्लं. सर्कस संपली.

स्टँडचा कारभार मात्र लोक जमतात-पांगतात त्यावर चालत नव्हता. तो नंबरावर चालायचा. पायथ्यापासून जिवतीपर्यंत सवाऱ्या नेणाऱ्या अकरा जीपा, आणि प्रत्येकीचा नंबर पिंपळाखालच्या फळ्यावर खडूने लिहिलेला. मंगळवार बाजाराचा. पहाडावरची माणसं सकाळी खाली यायची आणि दुपारी तेल, मीठ, लुगडी घेऊन परत चढायची. ज्याची गाडी लागोपाठ तीन बाजार चुकली त्याचा नंबर कट, हा स्टँडचा नियम. नंबर गेला की गाडी म्हणजे चार चाकांचं खुराडं. कोंबड्या ठेवा नाहीतर विका. रुखमाबाईचे दोन बाजार चुकले होते.

तिने गॅरेजच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे धुळीत आणखी एक कार्बोरेटर पडला होता.

"तो कोनाचा?"

"अॅम्बेसेडरचा. गाडी नाल्यात गेली होती, तेवढाच चांगला निंगाला. पन तो जीपवर बसत नाई, बाई. त्याचं तोंड वेगळं, बोल्ट वेगळे."

"बसत नाई का बसवत नाई?"

देवरावने तिच्याकडे पाहिलं आणि तो हसला. त्याला हा प्रश्न आवडला असावा, कारण तो उठून फळीपाशी गेला.

रविवारभर काम चाललं. दोघांची तोंडं जुळवायला मध्ये एक पट्टी हवी होती: खालची भोकं जीपच्या मापाची, वरची अॅम्बेसेडरच्या. देवरावने अॅल्युमिनियमचा जाड तुकडा कापला, घासला, भोकं पाडली. रुखमाबाईने जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा त्यावर ठेवून कडेकडेने हातोडीने ठोकत ठोकत गॅसकेट कापलं. अॅक्सिलेटरची दांडी पोचेना, म्हणून सायकलच्या ब्रेकची तार लावली. गाडी सुरू झाली. रुखमाबाईने पाय दाबला, तर इंजिन बसलं. पाय सोडला, तर भणाणलं.

"पत्ती उलटी उघडून राह्यली," देवराव कपाळाला हात लावून म्हणाला. "दाबलं की बंद, सोडलं की चालू."

"आपल्या स्टँडसारखी," रुखमाबाई म्हणाली, आणि दोघंही पोट धरून हसले. मग त्याने सायकलच्या पायडलाचा तुकडा मध्ये घालून तार उलट्या बाजूने ओढून घेतली. आता पायाचं ऐकायला लागली.

पण दुपारी दोन वाजता, गाडी उन्हात वीस मिनिटं नुसती चालू ठेवली, आणि ती खोकून बंद पडली. देवरावने कार्बोरेटरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"आत पेट्रोल उकळून राह्यलं. मे महिना हाय, बाई. हे सगळ्याईच्याच गाडीले होते. इंजिनातल्या पेट्रोलपंपावर ओलं पोतं टाकायचं, सावलीत उभं करायचं, अर्ध्या घंट्यानं चालते."

"सगळ्याईची गाडी बंद पडली तं उनानं पडते," रुखमाबाई म्हणाली. "माही बंद पडली तं बाईमानूस चालवते म्हून पडते. मले ओलं पोतं नाई चालत."

तिचा आवाज चढला होता. वर्षभर स्टँडवर ती हसून सगळं रेटत आली होती. हसणं हेही एक काम असतं आणि त्याचाही थकवा येतो. ती चुलीपाशी गेली, देवरावच्या बायकोने ठेवलेली चहाची किटली उचलली आणि मुठीला धरून तशीच उभी राहिली. किटली उकळत होती. मूठ गार होती.

"देवरावभाऊ, या किटलीच्या मुठीले लाकूड काऊन लावते?"

"हात नाई पोळाव म्हून."

"मंग इंजिनाची आग त्या कार्बोरेटरले पोळून राह्यली, तर मधात अॅल्युमिनियम काऊन लावलं आपन? तव्यावर तवा ठेवल्यासारखं?"

देवरावने पट्टीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, "इंजिनावर लाकूड कोनी लावत नाई."

"कोनी बाई जीपबी चालवत नाई."

पण कुठलंही लाकूड चाललं नसतं. सागवान उन्हाने तडकलं असतं, आणि आंब्याची फळी तर नुसती चुलीत घालायच्या लायकीची. रुखमाबाई संध्याकाळी वारलू वाढ्याकडे, सुताराकडे, गेली. वारलूच्या आवारात बैलगाडीचा जुना लाकडी आख पडला होता, तिवसाच्या चिवट लाकडाचा. बारा-चौदा वर्षं चाकात फिरलेला, वंगण प्यालेला, उन्हापावसाने आतपर्यंत मुरलेला. तिने तो दाखवला आणि काय हवंय ते हाताने सांगितलं. वारलूने कशाला म्हणून विचारलं नाही. त्याने बोटभर जाडीची चकती कापली, रंध्याने तासली, मधलं तोंड कोरलं, भोकं पाडली आणि रात्रभर ती जवसाच्या तेलात बुडवून ठेवली. सोमवारी सकाळी तेल पुसून हातात देताना तो एवढंच म्हणाला, "वल्लं-सुकं कायी व्हो, हे हालत नाई."

सोमवारी दुपारी, अॅल्युमिनियमच्या जागी ही लाकडी पट्टी बसवून झाल्यावर, ऊन डोक्यावर असताना, रुखमाबाईने गाडीत सिमेंटच्या दहा गोण्या भरल्या आणि ती घाटाला घातली. देवराव शेजारी बसला, मांडीवर पाना घेऊन. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर देवरावने बॉनेटकडे कान लावला आणि पाना खाली ठेवला. चौथ्या वळणावर एक जीप बॉनेट उघडून उभी होती. ड्रायव्हर डबड्याने पंपावर पाणी ओतत होता आणि सवाऱ्या झुडपाच्या वीतभर सावलीत पदराने वारा घेत बसल्या होत्या. रुखमाबाई हॉर्न न वाजवता बाजूने निघून गेली. वरचं पठार लागलं तेव्हा देवराव लहान पोरासारखा सीटवर उड्या मारत होता. त्याने उतरून पट्टीवर हात ठेवला. गरम होती, पण हात राहत होता.

रुखमाबाई रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. मग तोंड पुसून गाडी वळवली.

मंगळवारी साडेबाराला तिने जीप स्टँडमध्ये लाइनीत आणून लावली. फळ्यापाशी रामाजी ढवस उभे होते, स्टँडचे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता. हरिदास गेला तेव्हा पहिला खांदा त्यांनीच दिला होता. पण काही माणसं मेलेल्याला खांदा द्यायला जेवढी पुढे असतात तेवढी जित्याला जागा द्यायला नसतात. लाकडाच्या पट्टीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. पहाडात बातमीला जीप लागत नाही.

"बॉनेट उघड, रुखमा."

तिने उघडलं. चार-पाच ड्रायव्हर वाकून पाहायला लागले. कोणीतरी हसलं.

"लाकूड लावलं इंजिनाले?" रामाजी म्हणाले. "पाट करून देवळात ठेव म्हना! उद्या आग लागली, सवाऱ्या जळल्या, तं जिम्मेदार कोन?"

"काल दहा गोण्या घेऊन गेली वर, भाऊ. एकदाबी नाई थांबली. तुमाईच गाडी उभी होती चवथ्या मोडीवर."

हसणारा बॉनेटपासून मागे सरला. हे तिने बोलायला नको होतं, किंवा हेच बोलायला हवं होतं. कसंही असलं तरी ते आता बोलून झालं होतं. रामाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नंबर हरिदासचा होता," ते सावकाश म्हणाले. "त्याच्याकडं पाहून तुले चालवू देल्ला. कंपनीचा पार्ट नसलेली गाडी स्टँडवर लागत नाई. ड्रायव्हर ठेव, पार्ट आन, मंग पाहू."

"पार्ट आनीन. ड्रायव्हर काऊन?"

रामाजींनी फळ्यावरचा तिचा सात नंबर तळहाताने पुसला. खडूची पांढरी भुकटी त्यांच्या धोतरावर पडली.

रुखमाबाईने बॉनेट लावलं. भांडली असती तर सगळ्यांची सोय झाली असती. बाई भांडकुदळ आहे, एवढं म्हणून मोकळे झाले असते. ती गाडीत बसली, लाइनीतून बाहेर काढली आणि स्टँडची हद्द जिथे संपते तिथे, नाल्याच्या पुलापलीकडे, बेहड्याच्या झाडाखाली उभी केली. तिथून ओरडली, "जिवती! जिवती, बसा!"

कोणी आलं नाही. बाजारातून माणसं येत होती, तिच्याकडे पाहत होती आणि नेहमीच्या लाइनीत जाऊन उभी राहत होती. रोज याच स्टँडवरून जायचं होतं त्यांना. सेक्रेटरीशी वाकडं कोण घेणार? एक नंबरची जीप रामाजींची होती. ती भरली. मागे दाटी झाली, टपावर टोपल्या बांधल्या, पुढच्या सीटवर रामाजींची बायको केसरबाई नवं लुगडं नेसून, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन बसली. तिचं माहेर वर जिवतीला होतं.

रुखमाबाई स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली. एक वाजला. ऊन गाडीच्या पत्र्यातून आत येत होतं. तिच्या मनात आलं, रिकामी गेले तरी चालेल, पण आज वर जायचंच. तिने किल्लीला हात घातला.

तेवढ्यात स्टँडवर काहीतरी हललं. केसरबाई रामाजींच्या गाडीतून उतरली होती. पेटी डोक्यावर घेऊन, पदर सावरत, ती भर उन्हात पुलावरून चालत येत होती.

"केसर! कुठी चालली?" मागून रामाजींचा आवाज आला.

"माहेरी."

"गाडी इथी हाय आपली!"

"काल बी आपलीच होती," केसरबाई मागे न पाहता म्हणाली. "दोन घंटे बसली मी चवथ्या मोडीवर दगडावर, अन् मंग पायी घरी आली. आज भाचीची हळद हाय. मले पोचायचं हाय."

ती रुखमाबाईच्या जीपपाशी आली, पेटी आत सरकवली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. दोघींची एरवी फारशी बोलचाल नव्हती. केसरबाई जिच्यावर आधीच बसली होती त्या सीटवरची धूळ रुखमाबाईने पदराने झटकली.

मग रामाजींच्या गाडीच्या टपावरच्या टोपल्या सुटायला लागल्या. आधी दोन म्हाताऱ्या आल्या, मागून मिरच्यांचं पोतं घेऊन एक माणूस, मग आणखी चौघं. रामाजी फळ्यापाशी उभे होते आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हतं.

गाडी भरली. रुखमाबाईने किल्ली फिरवली. केसरबाईने कमरेची पिशवी सोडली, दोन रुपयांची नोट काढली आणि पुढे धरली.

रुखमाबाईचा हात गिअरवर थांबला. स्टँडवरच्या कुठल्याही गाडीवाल्याच्या बायकोकडून भाडं घ्यायचं नाही, ही तिथली जुनी रीत होती. हरिदासच्या वेळी ती स्वतः अकरा गाड्यांतून फुकट फिरली होती.

"ठेवा, बाई. तुमच्याकडून नाई घेत आम्ही."

"ते स्टँडच्या गाड्याईत," केसरबाई म्हणाली. "तुही गाडी आता स्टँडची नाई. घे."

रुखमाबाईने नोट घेतली, ब्लाउजमध्ये खोचली आणि गाडी घाटाकडे वळवली.