जायफळाचे दोन वळसे

माईकाकूंचं पत्र मला १९६३च्या मार्चमध्ये आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. टाळलं असंही म्हणता येणार नाही. रोज कागद पुढे घ्यायचो, 'तीर्थरूप माईकाकूंस' एवढं लिहायचो, आणि कागद बाजूला सारून पुन्हा माझ्या पोथ्यांकडे वळायचो.

माईकाकू वाईला आमच्या शेजारी राहायच्या. त्यांचा मोठा मुलगा श्यामकांत मी राहायचो त्याच गावात, जर्मनीतल्या येनाला, काच आणि भिंगांच्या शास्त्रात डॉक्टरेट करत होता. मी तिथे संस्कृत हस्तलिखितांवर काम करत होतो. श्यामकांतची बायको सुलेखा दर रविवारी मला जेवायला बोलवायची. त्यांची मुलगी शुभा तेव्हा पाच महिन्यांची होती.

पत्रात माईकाकूंनी लिहिलं होतं, 'श्यामकांत हवापाण्याशिवाय काही कळवत नाही. सूनबाई शुभाला गुटी देते की नाही? तिला विचारलं तर सासू समुद्रापलीकडून नजर ठेवते म्हणेल. तू रविवारी जातोसच. बघ आणि खरं ते मला कळव.' शेवटी एक ओळ होती. 'आत्मारामच्या बायकोला सातवा लागला. तिलाही न्युरेम्बर्गला असाच गुटीचा पुडा धाडणार आहे.' आत्माराम हा त्यांचा धाकटा.

ज्या घरी जेवायचं त्या घरची बातमी दुसरीकडे कशी द्यायची? हे मला जमेना. नाही जमत हेही लिहवेना.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी गेलो तेव्हा दार श्यामकांतने उघडलं.

"या पंडित. आज कोबीच आहे. उद्याही कोबीच असेल."

"आईंना कळवा तसं," सुलेखा आतून म्हणाली. "कोबी वातूळ, बटाटा वातूळ, इथला काळा पाव तर विचारूच नका, असं पत्र आलंय. मग अंगावर पाजणारीने खायचं काय, ते मात्र लिहिलेलं नाही."

खिडकीच्या कट्ट्यावर एका वाडग्यात गुटीचं सामान होतं. हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, खारीक, जायफळ. शेजारी तळहाताएवढी जाड काचेची चकती होती, पांढुरकी, धुकं बसल्यासारखी. सामानाच्या वजनात सहाण बसली नव्हती, म्हणून श्यामकांतने ती कार्यशाळेतून आणली होती. कार्बोरंडमची पूड घालून मुद्दाम खरखरीत केलेली.

"दगडाच्या भोकांत काय काय राहतं कुणास ठाऊक," तो मला पूर्वीच म्हणाला होता. "ही उकळून घेता येते. वळसे मात्र आईचेच. जायफळाचे दोन म्हणजे दोन."

"शुभा कुठाय?" मी विचारलं.

"झोपलीये. सकाळी न्हाऊ घातल्यापासून." सुलेखा हात पुसत बाहेर आली. "भावजी, जरा जास्तच झोपलीये हो."

"रात्रभर रडली, आता झोपते," श्यामकांत म्हणाला. "पोट बिघडलं होतं तिचं. म्हणून आज जायफळाचे चार दिले. माझी आईसुद्धा जुलाबाला चार द्यायची. बस तू, जेवू."

आम्ही बसलो. पण सुलेखाने घास घेतला नाही. उठून आत गेली. मला तिचा आवाज ऐकू येत होता. आधी लाडाचा, मग नुसता हाका मारणारा. "शुभे. ए शुभे. दूध प्यायचं ना?" मग टिचकीचा आवाज आला. तळपायावर मारत होती.

ती मुलीला घेऊन बाहेर आली. शुभाची मान तिच्या हातावर सैल पडली होती. गाल लाल होते आणि ओठ कोरडे.

"अहो, ही डोळे उघडत नाहीये."

खालच्या मजल्यावर घरमालकीण फ्राऊ केसलर राहायच्या. त्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता शेजाऱ्याची गाडी काढायला लावली.

रुग्णालयात पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी शुभाच्या पापण्या उचलून पाहिल्या, टाळूवर बोटं ठेवली, ताप पाहिला. ताप नव्हता.

"काल काय झालं होतं?"

"जुलाब," श्यामकांत म्हणाला.

"काय दिलं तिला?"

"दूध. फक्त आईचं दूध."

सुलेखाने वर पाहिलं. श्यामकांतने मराठीत, चेहरा न हलवता म्हटलं, "गप्प बस. गुटी म्हटलं की आपण रानटी ठरलो. आणि गुटीनं काही होत नाही. मी त्याच गुटीवर वाढलोय."

डॉक्टरबाई म्हणाल्या की मेंदूला सूज असू शकते. कण्यातून पाणी काढून तपासावं लागेल. सुई कमरेत जाईल, तुम्ही बाहेर थांबा. परिचारिका तयारीला गेली.

मार्गिकेत आम्ही तिघं भिंतीशी उभे होतो. सुलेखाच्या हातात शुभाचं टोपडं होतं. माझ्या डोळ्यांपुढे घरच्या खिडकीतला वाडगा येत होता. त्यात काहीतरी चुकलेलं होतं आणि ते काय हे कळत नव्हतं. मला वाटलं, आपल्याला मुलं नाहीत, आपण पोथ्या वाचणारे, आपण कशाला बोला. मग एकदम आमच्या घरचं जायफळ आठवलं. आईने ते माझ्यासाठी काढलं, मग धाकट्या दोघांसाठी वापरलं, आणि तरी ते डब्यात गोल होतं, एका बाजूला जरा चपटं. वाडग्यातलं जायफळ निम्मं उरलं होतं. आतली जाळी दिसत होती.

"वहिनी, ते जायफळ पुड्यातलं पहिलंच ना?"

"एकच होतं."

"गुटी कधी सुरू केलीत?"

"होळीच्या सुमारास. का?"

मी श्यामकांतकडे वळलो. "श्यामकांत, ती काच कशासाठी खरखरीत करतात?"

"भिंगं घासायला." तो चिडून म्हणाला. "दुसरी काच उतरवण्या..."

तिथेच तो थांबला. पुढचं त्याला माझ्यापेक्षा किती तरी चांगलं कळत होतं. तो हिशेब करत असावा, कारण त्याचे ओठ हलले. मग तो भिंतीला टेकला आणि तसाच राहिला.

परिचारिका झाकलेला ट्रे घेऊन आमच्यासमोरून आत गेली.

"अहो, सांगा ना त्यांना," सुलेखा म्हणाली. तो हलला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. "भावजी."

मी दार न वाजवता आत गेलो. आयुष्यात मी असं कुठेच शिरलो नव्हतो. शुभाला कुशीवर वळवलं होतं आणि परिचारिका तिला धरून होती.

"महोदया, क्षमा असावी. बालिकेस मुस्काट देण्यात आले आहे." जायफळाला जर्मनमध्ये मुस्काट म्हणतात.

"काय?"

"जायफळ. मुस्काट. उगाळून. प्रमाणाबाहेर."

"किती?"

मी बोटांनी दाखवलं. महिन्याभरात एवढं, आणि आज सकाळी रोजच्या दुप्पट. वळसे, सहाण, काच हे सगळं मी माझ्या ग्रंथातल्या जर्मनमध्ये सांगत होतो आणि क्रियापदं शेवटी सापडत नव्हती. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा टाळूवर बोटं ठेवली, मान हलवून पाहिली. मान ताठ नव्हती.

"बरं तर," त्या म्हणाल्या. "टाळू वर आलेली नाही, ताप नाही. मी थोडा वेळ थांबते. पण श्वास मंदावला तर सुई. चूक तुमची निघाली तर हा वेळ आपण गमावला. समजलं?"

"हो," मी म्हणालो. ती जबाबदारी मला पेलणार नव्हती, पण दुसरा शब्द सुचला नाही.

मग नुसतं बसणं. परिचारिका श्वास मोजायची आणि कागदावर टिपायची. श्यामकांत आत आला, स्वतःच डॉक्टरबाईंना काचेबद्दल सांगून गेला. त्यात त्याने एकही शब्द लपवला नाही. मी चुकलो असलो तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. जायफळामुळे ही झोप नसली तर मीच हिला मारली.

उन्हं खिडकीतून सरकून फरशीवर आली तेव्हा शुभाने पाय झाडला. एकदा. मग चेहरा वाकडा केला आणि चिडून रडायला लागली. सुलेखा खाली बसली, तिथेच, फरशीवर.

"हे रडणं चांगलं आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जायफळ आता पुरे. कुठल्याही दगडावर नको, एवढ्या लहान मुलाला तर नकोच. जुलाबाला गाजराचं सूप द्या, शिजवून, गाळून, चिमूट मीठ घालून. आजची रात्र ती इथेच राहील." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि तुम्ही, आमच्या आजोबांच्या काळातलं जर्मन बोलता. कुठे शिकलात?"

बाहेर आल्यावर श्यामकांत म्हणाला, "आईला कळवायचं नाही. तिच्या हातच्या गुटीवर अर्धी वाई वाढली. ती अन्नपाणी सोडेल."

"आत्मारामला तरी?"

"त्याला कळलं की आईला कळलंच. नको म्हणतोय ना."

पण मी निघताना सुलेखाने मला थांबवलं. "भावजी, आईंचं पत्र तुम्हालाही आलंय. मला ठाऊक आहे. लिहा हो त्यांना. माझ्याकडून लिहिलं तर ते गाऱ्हाणं होईल."

खोलीवर येऊन मी ते पत्र काढलं. न्युरेम्बर्गची ओळ मी महिनाभर नुसतीच वाचत होतो. तिथेही सहाण नसणार. आत्माराम इंजिनिअर, तोही काहीतरी सोयीचं शोधून काढणार, आणि वळसे मात्र आईचेच मोजणार.

श्यामकांत पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, हे कळत नव्हतं. मी लिहिलं.

'तीर्थरूप माईकाकूंस, शिरसाष्टांग नमस्कार. सूनबाई गुटी देतात. तुम्ही सांगितलंत तशी, रोज, नेमाने देत होत्या. आज शुभा त्या गुटीने बेशुद्धीत गेली होती. आता ती रडते आहे, दूध पिते आहे. वळसे तुम्ही सांगितलेलेच होते, पण दगड तुमचा नव्हता. इथे सहाणेऐवजी खरखरीत काच वापरली, आणि तुमच्या एका वळशाला जेवढं उतरतं त्याच्या कितीतरी पट उतरलं. इथल्या डॉक्टरबाई म्हणतात की तान्ह्या बाळाला जायफळ देऊच नये. आत्मारामच्या घरी पुडा पाठवू नका. पाठवला असेल तर त्यांना आजच तार करा. श्यामकांतने मला हे लिहू नको म्हटलं आहे. त्याला रागावू नका, तुम्हाला लागेल म्हणून तो म्हणाला. जुलाबाला गाजराचं सूप देतात, ते तुम्हालाही पटेल असं वाटतं.'

'पटेल असं वाटतं' हे शब्द मी खोडले, पुन्हा लिहिले. पाकीट डिंकाने चिकटवलं. फाडून परत वाचावंसं वाटेल म्हणून तसाच, कोट न घालता, खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या पिवळ्या टपालपेटीच्या फटीत पाकीट निम्मं आत गेलं आणि माझा हात थांबला. मग मी ते सोडलं.