दुभाषी दाराबाहेर

"तिला काय इचारता, म्याडम? मला इचारा. ती बोलतच न्हाई तर सांगंल काय?"

धावड्याहून आलेल्या दुर्गाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून आकांक्षा, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मुलगा कल्याण बाहेर मोटारसायकलवरून उतरलाच नव्हता.

मी दुर्गाबाईंचं बोलणं इंग्रजीत करून वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणजे मारिसेल, माझ्या ऋषीदादाची बायको. दादा बियाण्यांच्या संशोधनासाठी फिलिपिन्सला गेला आणि येताना तिला घेऊन जालन्याला आला. तिकडे ती मानसशास्त्रज्ञ होती. इकडे तिची पदवी अजून कुणी मानली नव्हती, म्हणून आमच्या पुढच्या खोलीवर नुसतं 'समुपदेशन' एवढंच लिहिलं होतं. मी बाळंतपणाला माहेरी आलेली. मांडीवर तान्ही लेक आणि तोंडात दोन भाषा, एवढ्या भांडवलावर मी तिची दुभाषी झाले होते.

"आखाडापासनं मुकी झाली," दुर्गाबाई म्हणाल्या. "कामाला बराबर हाय, पर शबुद न्हाई. दवाखाने करून थकलो, घशात काहीच न्हाई म्हन्तेत. दिवाळीला तिचा भाऊ न्यायला येईल. तंवर बोलली तर बोलली. न्हाई तर मी काय तिला परत आनत न्हाई. मंग तिचं नशीब."

वहिनीनं त्यांना हाताला धरून बाहेर बसवलं आणि दार लावलं. वहिनी विचारी, मी मराठी करी, आकांक्षा माझ्याकडे बघे आणि मान खाली घाली. तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. मी लेकीला घेऊन बाहेर आले.

पाजता पाजता आतून आवाज आला. वहिनीचा नव्हता.

दुर्गाबाई ताडकन उठल्या. "बोलून राह्यली!" त्यांनी दाराला कान लावला. खोटं कशाला बोलू, मीही लावला. आत पंखा खडखडत होता, शब्द एक कळेना. नुसता आवाज. मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा.

आकांक्षा बाहेर आली ती नुकतं तोंड धुतल्यासारखी. चपला घालून मुकाट गाडीजवळ जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाली?" मी आत शिरत विचारलं.

"कुणास ठाऊक," वहिनी म्हणाली. "'पाणी' समजलं. आणि 'न्हाई'. 'न्हाई' खूप वेळा."

"नुसते आवाज तरी काढून दाखव. मी लावते अर्थ."

वहिनीनं बाळाला माझ्याकडून घेतलं. "ते तिनं मला सांगितलंय गं."

मला रागच आला. पण पुढच्या खेपेला आकांक्षानं आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. त्यानंतर मी बाहेरच.

वहिनीला मात्र चैन नव्हतं. दोरीवर बाळाची दुपटी घालताना ती म्हणाली, "तिकडे मी लोकांचं ऐकून उत्तर द्यायचे. इथं देवळातल्या मूर्तीसारखी बसते. कळत काहीच नाही."

"मूर्तीला कळतं, असं लोक धरून तरी चालतात," मी म्हटलं.

ती हसली नाही. "तिला न कळणारीच हवी असेल तर? मी भाषा शिकले आणि ती गप्प झाली तर?"

मग तिनं माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं : 'मी मराठी शिकू का?' आकांक्षानं त्यावर काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून वहिनी शिकायलाच बसली.

मी पीठ मळत असले की विचारी, "विळा म्हणजे? वासरू? चुलता? झोका? उंबरा?" सगळे एका दमात. माझ्या उशिरा ध्यानात आलं. त्यातला एखादाच आकांक्षाचा असणार. बाकीचे मला चकवायला पेरलेले. बाळाला थोपटताना मी एकेक शब्द उलटून बघायची. झोका कुणाचा? विळ्यानं काय केलं असेल?

दिवाळीच्या तोंडावर दुर्गाबाई आल्या त्या थेट खोलीतच. "घरी मुकीच हाय. हितं घटकाघटका बोलती. उद्या तिचा भाऊ येऊन राह्यला. काय सांगती ते आजच सांगा, न्हाई तर ती गेली ते गेली."

आकांक्षा भिंतीला टेकून उभी होती. मी इंग्रजी करायला तोंड उघडलं, तर वहिनीनं हात आडवा केला. तिनं आकांक्षाकडे बघितलं. आकांक्षानं जराशी मान हलवली.

"मला माहीत हाय. सांगनार न्हाई," वहिनी म्हणाली. मी शिकवलेलं 'नाही' तिच्या तोंडात कुठे उरलंच नव्हतं. "तुमी इचारा. तिला. आन् थांबा."

"किती इचारलं, म्याडम!"

"इचारलं. थांबलं न्हाई."

दुर्गाबाई सुनेकडे वळल्या. "काय झालंय गं तुला?" विचारलं आणि तोंड मिटून बसल्या. मिटलेलं तोंड त्यांना झेपत नव्हतं. ओठ हलायचे, त्या परत दाबून धरायच्या. बाहेर कल्याणनं हॉर्न वाजवला. परत वाजवला.

"थांब रे!" दुर्गाबाई खिडकीकडे ओरडल्या. "बोलून राह्यली ती!"

आकांक्षा अजून काहीच बोलली नव्हती. तिनं फक्त मान वर करून सासूकडे बघितलं.

वहिनीनं माझं कोपर धरून मला बाहेर आणलं. आपल्याच खोलीतून तीही बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. मग अंगणात जाऊन तिनं कल्याणच्या गाडीची चावी काढून घेतली.

"ओ म्याडम!"

वहिनी चावी मुठीत धरून पायरीवर बसली. मी बाळाला घेऊन शेजारी टेकले. आतून अजून काही ऐकू येत नव्हतं.