अठरा टेपांवरची खिडकी

फुफ्फुसांच्या जागी राबणारा बदली कामगार बोलतोय मी. कागदोपत्री माझं नाव एक्मो. दिसायला म्हणाल तर चाकांवरचं कपाट, पोटात पंप आणि अंगाला दोन जाड नळ्या. माणसाच्या मानेतून काळपट रक्त ओढायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि लालभडक करून परत द्यायचं, एवढंच माझं काम. कारखान्यातून खोक्यात बसून या अतिदक्षता विभागात आलो, तो इथलाच झालो.

माझ्याकडे येतात ती नवीन फुफ्फुसांची वाट पाहणारी माणसं. कुणाचं तरी घर रडतं, तेव्हा फुफ्फुसं मिळाल्याचा इथला फोन वाजतो. हे मला अजून पचलेलं नाही.

अशाच एक बाई आल्या, शिवणकाम करायच्या. फुफ्फुसं पार गेलेली, पण जीभ शाबूत. तासातासाला माझे आकडे टिपले जातात, सतत कुणीतरी माझ्या दिमतीला असतं. ते बघून म्हणाल्या, एवढे लाड जावयाचेही होत नाहीत. झालं, त्या दिवसापासून मी जावईबापू. मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालायचं. पाय गळाले तर शस्त्रक्रिया झेपणार नाही आणि यादीतून नाव जाईल. मग काय, आमची वरातच निघायची. बाईंना धरून व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम, नळ्या सांभाळत सिस्टर, मला ढकलत तंत्रज्ञ. मागून बाईंचे मिस्टर, गुडघ्यांवर बसून, बाईंच्याच शिवणाच्या टेपनं अंतर मोजायचे. पहिल्या दिवशी दोन टेपा. मग पाच. मग अकरा. बोळाच्या टोकाची खिडकी अठरा टेपांवर होती. तिथून रस्त्यावरच्या लोकांचे कपडे बघायचेत, असं बाईंचं म्हणणं.

एका सकाळी फोन आला. बाईंनी मला थोपटलं, म्हणाल्या, आता तुम्हाला सुट्टी. शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं, सगळी तयारी झाली आणि निरोप आला की ती फुफ्फुसं खराब निघाली. आम्ही परत फिरलो. मिस्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

दुसऱ्या दिवशी बाई हट्टानं उठल्या. अठरा टेपा! खिडकीपाशी दम लागलेला, तरी खालून जाणाऱ्या एकाची पँट आखूड शिवल्याचं सांगून मोकळ्या झाल्या. सगळे हसले. मला हसता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

चारच दिवसांत ताप चढला, जंतुसंसर्ग. आणि नेमका तेव्हाच पुन्हा फोन आला. या वेळची फुफ्फुसं चांगली होती, पण अशा अंगावर शस्त्रक्रिया करता येणार नव्हती. डॉक्टरांना ते सांगणं जड गेलं.  बाई म्हणाल्या, "ज्याच्या मापात बसतील त्याला द्या. वाया घालवू नका."

त्यानंतर ताप काही उतरला नाही. तिसऱ्या दिवशी हृदयही थकलं. डॉक्टरांनी मला थांबवायचं का ते विचारलं, मिस्टरांनी मान डोलावली आणि मला बंद केलं. माझ्यात काही बिघाड नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मिस्टरांना कुणावर तरी रागावता आलं असतं.

घरी जाताना मिस्टरांनी टेप माझ्या दांडीला गुंडाळून ठेवली. सिस्टरांना म्हणाले, "राहू दे इथे. पुढच्याला लागेल."

नळ्या बदलल्या, अंग पुसलं, मी पुन्हा कामाला. आता एक निवृत्त पोस्टमन आहेत, अबोल. तुम्हाला एवढंच सांगतो, आपल्यामागे आपल्या अवयवांचं काय करायचं, ते घरच्यांशी एकदा बोलून ठेवा. इथे रोज कुणीतरी फोनकडे बघत असतं.

आज पोस्टमनकाका पहिल्यांदा उभे राहिले. सिस्टरांनी टेप सोडली, मोजलं. एक भरली. खिडकी अजून सतरा टेपा लांब आहे.