दुकूखालचा पाचोळा आणि मी

मित्रांनो, माझी उंची आता मूळच्या निम्मीच उरली आहे, डोक्यातला गोंधळ मात्र दुप्पट झाला आहे. मी एक जुना खराटा आहे, नारळाच्या हिरांचा, वेताने आवळून बांधलेला. जावा बेटावरच्या एका खेड्यात, रुबीयेमबाईंच्या घरी मी झिजलो. ते झिजणे सार्थकी लागले की वाया गेले, हे माझे मलाच उमजत नाही.

आमच्या गावात बाईची पारख अंगणावरून होते. पहाटेची नमाज आटोपली की घराघरांतून खर्र खर्र सुरू होते, टाळकऱ्यांनी एका लयीत टाळ धरावा तशी. रुबीयेमबाईंच्या अंगणात माझ्या रेघांची नक्षी उमटे. येणारे-जाणारे म्हणत, "इथं पडायला पानसुद्धा घाबरत असेल!" मी फुशारून जाई. दुकूच्या झाडाखाली तर बाई मला दोनदा फिरवत. ते गोड फळांचे झाड त्यांच्या दिवंगत नवऱ्याने लावलेले. त्याची सेवा म्हणून त्या तिथे एक पान टिकू देत नसत. सारा पाचोळा कोपऱ्यात नेऊन पेटवत.

आणि एवढी सेवा होऊनही झाड खंगत चालले! बुंध्याभोवतीची माती खापरासारखी टणक झाली, मुळे उघडी पडली, पावसाचे पाणी नुसते घसरून जाई. फळे सुपारीएवढी होऊन गळू लागली. शेवटी बाईंनी लाकूडतोड्याला बोलावले. "भाताची कापणी झाली की ये बाबा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं झाड असं तिळतिळ मरताना मला बघवत नाही."

मला कळेना, माझे कुठे चुकले? मी तर कणभर कसूर केली नव्हती.

त्याच सुमारास वुर्यानी सून होऊन आली, सुमात्रातल्या कॉफीच्या मळ्यातली. तिने अंगण झाडले आणि दुकूपाशी येताच मला भिंतीला टेकवून ठेवले.

"आई, इथली पानं राहू द्या ना. आमच्याकडे कॉफीखालचा पाचोळा कुणी उचलत नाही. किडे, वाळवी त्याची माती करतात. तीच झाडाला लागते."

"वाळवी? माझ्या दारात? लोक म्हणतील, सून आणली ती आळशी!"

"म्हणू देत. कापणीपर्यंत तरी राहू द्या. नाहीतरी तोडणारच आहात ना?"

सासूबाईंनी नाइलाजाने मान डोलावली. शेजारच्या पोनीराकाकू थोड्याच गप्प बसणार! गावातली जुनी समजूत ऐकवत त्या कुंपणावरून ओरडल्या, "अगं पोरी, नीट झाडलं नाही तर दाढीवाला नवरा मिळतो हो!"

"काकू, ह्यांच्या हनुवटीला चार केस धड येत नाहीत. म्हणजे मी आजवर नीटच झाडलं असणार!"

रुबीयेमबाईंनी ओठ दाबून हसू आवरले. पण टोमणा त्यांच्या मनात सलत राहिला. तीन महिन्यांनी घरी गावजेवण निघाले, तेव्हा त्यांना राहवेना. सून उठायच्या आत त्यांनी मला उचलले आणि दुकूखाली जोरात ओढले.

मित्रांनो, त्या पानांखाली मी जे पाहिले ते अजून डोळ्यांसमोर आहे. माती काळीभोर आणि भुसभुशीत झालेली. वाणी किडे पाने कुरतडत होते, गांडुळे ती खाली ओढून नेत होती, वाळवी काड्या संपवत होती, पांढऱ्या बुरशीचे धागे उरल्यासुरल्या चुऱ्याला बिलगले होते. आणि दुकूची केसासारखी नाजूक मुळे जमिनीतून वर, थेट त्या पाचोळ्यात शिरली होती. माझ्या हिरांत अडकून ती तटातट तुटली.

बाईंनी ती बोटांत धरली. "अगंबाई," त्या पुटपुटल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी ह्याच्यापुढचं ताटच ओढून घेत होते?"

मग त्या खाली बसल्या आणि विस्कटलेली पाने हातांनी परत पसरू लागल्या. मी उताणा पडून पाहत राहिलो. ज्या कामासाठी मला जन्मभर शाबासकी मिळाली, तेच काम माझी मालकीण पुसून टाकत होती!

कापणीनंतर लाकूडतोड्या आला, कॉफी पिऊन रिकाम्या हाताने गेला. पुढच्या वर्षी दुकूला घोस धरले. फार नव्हे, पण पिकेपर्यंत टिकले. पाचोळ्याने, की त्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून? परमेश्वराची करणी, ती मला खराट्याला काय कळणार!

आता बाई मला उलट्या दिशेने ओढतात. अंगणातली पाने आगीकडे न जाता दुकूकडे जातात.

"अहो, हे काय उलटं झाडणं?" पोनीराकाकूंनी विचारले. "म्हातारपणी चळ लागला का?"

"झाडाला जेवायला वाढतेय. तुमची पानं जाळू नका, इकडे टाका."

काकू फणकाऱ्याने आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून टोपलीभर पाचोळा धपकन पडला. टाकणारे कोणी दिसले नाही.

मित्रांनो, मला खुशाल वापरा, घरदार लखलखीत ठेवा. फक्त झाडाच्या सावलीपाशी आलात की थांबा. मला थांबता येत नाही हो. मी ज्या हातात असतो, तो हात तुमचा असतो.