दोन ठिपक्यांमधली वाट

मित्रांनो, मी एक जुना मार्ग आहे. पण माझ्यावर कधी कुणाचं पाऊल पडलं नाही, की माझ्या कडेला गवत उगवलं नाही. मी दगडमातीचा नाही, अक्षरांचा आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी माणसं नेहमी लागणारे तुकडे एकदाच नीट लिहून एका जागी ठेवतात. ज्याला हवं त्याने घ्यावं, वापरावं. अशा संग्रहाला ती लायब्ररी म्हणतात. तशाच एका लायब्ररीतला मी एक तुकडा. माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला खात्री नाही. कंटाळा आला तर खुशाल उठून जा, मी रागावणार नाही.

मला घडवलं एका वहिनीने. तिची धाकटी नणंदही त्याच धंद्यातली. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वहिनीचा संगणक, दुसऱ्या टोकाला नणंदेचा, आणि मध्ये सोललेल्या मटाराचं पातेलं. तिथे माझा जन्म झाला.

वहिनीने आधी एका कागदावर ठिपके काढले आणि ठिपक्यांमधून बाण. ठिपका म्हणजे ठिकाण. बाण म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जायची सोय. बाणाला दिशा असते. जाता येतं म्हणून त्याच वाटेने परत येता येईलच असं नाही. घसरगुंडीवरून तुम्ही खाली येता, पण त्याच फळीवरून वर चढू लागलात तर वरून येणाऱ्याच्या लाथा खाव्या लागतात. तसंच हे. असे बाण एकापुढे एक जोडले, पहिला जिथे संपतो तिथूनच दुसरा सुरू झाला, की होतो तो मी, म्हणजे मार्ग.

आता प्रश्न असा, की मला लक्षात ठेवायचं कसं?

"त्यात काय? ठिपक्यांची नावं ओळीने लिहायची," वहिनी म्हणाली. "घर, पूल, चौक. बाण काय, दोन ठिपक्यांच्या मध्येच असणार. पळून जातोय थोडाच!"

"आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये दोन बाण असले तर?" नणंदेने विचारलं.

"वन्सं, माझ्या कामात खोट काढल्याशिवाय तुम्हाला चहा गोड लागत नाही वाटतं?"

"तू केलेला चहा कशानेच गोड लागत नाही, वहिनी. साखर घालावी लागते त्यात."

दोघी खदखदून हसल्या आणि त्या हसण्यात तो प्रश्न वाहून गेला.

पुढची वर्षं माझ्या उमेदीची. माल पोचवणाऱ्यांनी मला वापरलं, पाण्याच्या नळांचं जाळं सांभाळणाऱ्यांनी वापरलं. "किती सुटसुटीत आहे!" असं कुणी लिहिलं की वहिनी ते मोठ्याने वाचून दाखवायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो. नंतर कौतुक आटलं. काम करीत राहणाऱ्याची विचारपूस कोण करतं? मला उघडून बघायचं कुणाला कारणच उरलं नाही.

अशात त्या घरातल्या आईंचे पाय गेले. आई म्हणजे नणंदेची आई आणि वहिनीच्या सासूबाई. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची आली. तरी त्यांना एकटीला कुणी सोडेना. पुलापलीकडे त्यांची मैत्रीण राहायची. दोघींचा पत्त्यांचा डाव अनेक वर्षांचा. तिथे जायचं तरी कुणीतरी सोबत, दारात वाट बघत उभं.

"मी माणूस राहिलेच नाही," आई म्हणायच्या. "सामान झालेय. इथून उचला, तिथे ठेवा."

तेव्हा नणंदेने फोनसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. कुठल्या गल्लीत पायऱ्या, कुठे उतार, कुठला फुटपाथ अरुंद, सगळं त्यात भरलं. वाट शोधायचं काम प्रोग्रॅमचं, आणि शोधलेली वाट जपून ठेवायचं काम माझं.

"आज मी एकटी जाणार," आईंनी जाहीर केलं. "माझ्यामागे लपतछपत कुणी आलं तर घरात अन्नाला शिवणार नाही."

मित्रांनो, पुलावरून वरच्या चौकात जायला दोन वाटा होत्या. एक सरळ पायऱ्यांची, दुसरी वळसा घेणारी उताराची. प्रोग्रॅमने उतारच निवडला आणि माझ्या हाती दिला. मी मात्र लिहून ठेवलं फक्त 'पूल, चौक'. मला तेवढंच शिकवलं होतं. पुलाशी आल्यावर फोनने मला विचारलं, इथून चौकात कसं जायचं? मी दोन ठिपक्यांच्या मधला बाण शोधला. आधी सापडला तो पायऱ्यांचा. तोच मी दिला.

आई पायऱ्यांपुढे येऊन थांबल्या. दोघेजण पुढे आले, म्हणाले, "आजी, खुर्चीसकट उचलून नेतो वर." आईंनी नको म्हणून मान हलवली. त्यांच्या मांडीवर फोन होता, आणि माझ्याच भरवशावर तो म्हणत होता, "सरळ पुढे चला. सरळ पुढे चला."

घरी येऊन त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

"घ्या तुमचं. आता मी कुठे जायची नाही."

"आई, चूक प्रोग्रॅमची होती गं," नणंद म्हणाली.

"चूक कुणाची का असेना. पायऱ्यांपुढे बसले ती मी."

त्यानंतर आईंनी खुर्ची खिडकीशी लावली ती तिथेच. मैत्रिणीचा फोन आला तर "बघू पुढे" म्हणून ठेवून द्यायच्या.

नणंदेने आपला शोध पुन्हा पुन्हा तपासला. तो दर वेळी उतारच दाखवी. मग वहिनीने मला उघडलं. कितीतरी वर्षांनी तिची नजर माझ्यावर पडली होती. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"वाट बरोबर सापडली होती," ती हळू म्हणाली. "ठेवताना मी ती हरवली."

नणंद टोमणा मारील असं मला वाटलं होतं. तिने फक्त आपली खुर्ची जवळ ओढली. "हा तुकडा काढून टाकू? नवीन कुठूनतरी घेऊ?"

"नको. किती जण याच्यावर विसंबून आहेत. याला बाण लक्षात ठेवायला शिकवू. बाणाला त्याची दोन्ही टोकं ठाऊक असतात, ठिकाणांची नावं त्यातून मिळतील."

त्यांनी मला मुळापासून बदललं. आता मी पायऱ्यांचा बाण आणि उताराचा बाण वेगवेगळा ओळखू लागलो. नणंद उठायच्या बेतात होती, तोच वहिनीने तपासून बघायला आणखी एक वाट मागितली: मैत्रिणीच्या दारापासून मैत्रिणीच्या दारापर्यंत. त्यात बाण एकही नाही. माझ्या हातात काहीच उरलं नाही, आणि मग मी कुठे आहे हेच मला सांगता येईना. फोनवर उमटलं, 'ठिकाण सापडत नाही.'

"पोचल्यावर कोण विचारतंय, वहिनी!" नणंद हसली.

वहिनी हसली नाही. "मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं, वन्सं. आता नको. बाण नसले म्हणून माणूस कुठेच नाही, असं कसं?"

मग त्यांनी मला नियम घालून दिला: आधी कुठून ते लिहायचं, आणि मग बाण. असले तर असले.

राहिल्या आई. त्यांची समजूत कुणी घातली नाही. वहिनीने सरळ त्यांची खुर्ची मागून घेतली आणि स्वतः तिच्यात बसून निघाली.

"अगं, वळताना हळू!" आई खिडकीतून ओरडल्या. "भिंत आपलीच आहे!"

वहिनी परतली ती घामाघूम, पण तोंडभर हसत. "उतारावरून गेले, आई. मैत्रीण विचारत होती तुमच्याबद्दल. पत्ते पिसून बसलीय म्हणाली."

आईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "ऊठ. खुर्ची माझी आहे. आणि तुला चालवता येत नाही ती."

पुलाशी फोनने मला विचारलं तेव्हा मी उताराचा बाण पुढे केला. अर्ध्या वळणावर आई थांबल्या. आता त्या मागे फिरणार, असं मला वाटलं. त्यांनी पदराने घाम पुसला आणि पुढे निघाल्या. एकेक बाण मागे पडत गेला. मैत्रिणीच्या दारात माझ्याजवळ एकही उरला नव्हता. मी पार रिकामा होतो, पण कुठे आहे हे मला ठाऊक होतं.

"तुम्ही पोचला आहात," फोन म्हणाला.

"दिसतंय मला," आई म्हणाल्या. "आता गप बस. वाट गं पत्ते!"

हल्ली आई फोन घरीच विसरतात. वाट त्यांना पाठ झाली आहे. सुरुवातीला मला जरा चुटपुट लागली, पण आता वाटतं, हेच बरं. मित्रांनो, माझं मागणं थोडकंच आहे. एखादी जुनी वस्तू मुकाट्याने काम करते आहे, म्हणून ती बरोबरच करते असं धरून चालू नका. मधूनमधून तिला उघडून बघा, आणि चुकलेली दिसली तर फेकायच्या आधी शिकवून पाहा. आणि कुणाला वाट सांगाल तेव्हा नुसती ठिकाणं सांगून मोकळे होऊ नका. मध्ये पायऱ्या आहेत की उतार, तेही सांगा. विचारणारा कसा चालतो, हे तुम्हाला ठाऊक नसतं.