थोरल्या दादाची कोयती

आमच्या बुरूड गल्लीत थोरल्या दादाची एक कोयती होती. घासून घासून विड्याच्या पानाएवढी उरलेली, पण धार अशी, की एक माशी बसली तर दोन उडायच्या. डोळ्यांनी बघितलंय. खोटं बोलायला मी काय वकील आहे?

एकावन्न साली दादा वारला आणि मी कोयतीवर हक्क सांगितला. रीतच तशी: बाप्यानं कळक, म्हणजे बांबू, फोडून बेळा काढायच्या, बाईनं त्या पट्ट्यांची पाटी विणायची. पण बनावैनी कोयती सोडेनात.

"भावजी, ही गेली तर बेळांसाठी रोज तुमच्या दारात उभी ऱ्हाऊ व्हय? न्हाय जमायचं."

गल्लीतल्या आण्णांनी निवाडा दिला. "बना, एक कळक फोड. बुडापासून शेंड्यापर्यंत बेळ एकसारखी निघाली तर कोयती तुझी. तुटली तर ह्या अंबादासची."

"कळक मी आणतो की!" मी म्हणालो.

लबाडी तिथंच केली. राधानगरीच्या रानातून असा कळक आणला, की बूड गल्लीत आणि शेंडा पार रंकाळ्यावर, धुणं धुणाऱ्या बायकांत. वर पेरं वाकडी, माझ्या बोलण्यासारखी.

वैनींनी बुडाला कोयती लावून एकच ठोका दिला. टर्रर्र! तिसऱ्या पेरापाशी चीर एका अंगाला पळाली, बेळ पातळ पडू लागली. मी मिशीला पीळ भरला.

"गेली, वैनी, गेली!"

दुसऱ्या कुणीही कोयती दाबली असती. वैनींनी ती हलवलीसुद्धा नाही. कळकाचं जाड अंग गुडघ्याखाली घेऊन अलगद वाकवलं, आणि चीर मुकाट्यानं मधोमध आली. ही दादाची खास युक्ती. मला त्यानं कधी दाखवली नव्हती.

"कुणी शिकिवलं?" मी विचारलं.

"शिकिवतंय कोण? वीस वरसं त्यांच्या म्होरं बसून विणतोय मी. डोळं मिटून विणलं काय?"

फोडत फोडत वैनी रंकाळ्यापर्यंत गेल्या आणि अख्खी बेळ गुंडाळून घेऊन आल्या. एकसारखी आणि इतकी पातळ, की आण्णांना तिच्यातून जोतिबाचा डोंगर दिसला.

मी कोयती मागून घेतली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी वैनींना दिली.

"आता बसा," वैनी म्हणाल्या. "ह्या बेळेची पाटी कोण विणणार, तुमचा आज्जा?"

बसलो. माझ्या पाटीचं बूड इतकं वाकडं झालं, की खाली ठेवली की ती आपली आपण रंकाळ्याकडं चालू लागायची. लोक हसायचे, पण हातात घेतली की म्हणायचे, "बेळ मातूर बघा, बेळ!"

मग मी छाती काढून सांगायचो, "आमच्या वैनीची हाय!"